लोपेझची पाच सुवर्णे आणि समोरचा देशबांधव

पॅरिसमध्ये ६ ऑगस्ट २०२४ रोजी अंतिम कुस्ती जिंकल्यानंतर क्यूबाच्या मिहाईन लोपेझने पायातले बूट काढून मॅटच्या मध्यभागी ठेवले. मल्लाने बूट मॅटवर सोडून जाणे ही निवृत्तीची रूढ खूण. बेचाळिसाव्या वाढदिवसाला दोन आठवडे उरले असताना तो एकाच वैयक्तिक क्रीडाप्रकारात सलग पाच ऑलिम्पिक सुवर्णपदके मिळवणारा पहिला खेळाडू ठरला. कार्ल लुईस, मायकेल फेल्प्स, जपानची कुस्तीगीर काओरी इचो ही मंडळी चारांवर थांबली होती.

त्याचा प्रकार ग्रीको-रोमन. यात कमरेखाली पकड चालत नाही आणि डावासाठी पायांचा वापरही करता येत नाही. आपल्या आखाड्यातला पट नाही की लंगडी नाही. छातीला छाती भिडवून मान, दंड आणि धड यांवरच सारी झुंज चालते. खाशाबा जाधवांचे १९५२ चे कांस्य फ्रीस्टाईलमधले. ग्रीको-रोमनमध्ये भारताला अद्याप ऑलिम्पिक पदक नाही. जो मल्ल पुढाकार घेत नाही त्याला पंच निष्क्रिय ठरवून मॅटवर पालथे पाडतात आणि प्रतिस्पर्ध्याला त्याच्या कमरेला विळखा घालून त्याला फिरवण्याची संधी मिळते. लोपेझची मातब्बरी येथेच होती. रेटून रेटून समोरच्याला निष्क्रिय ठरवायचे, मग उलटवायचे. वेगापेक्षा ताकद आणि धीर लागणाऱ्या या पद्धतीनेच त्याला चाळिशीपर्यंत तारले, असे म्हणावे लागेल.

पिनार देल रियो प्रांतातील एर्रादुरा या गावचा हा मल्ल अथेन्समध्ये २००४ साली खासान बारोएव्हकडून हरला होता. बीजिंगच्या अंतिम फेरीत त्याने बारोएव्हलाच नमवले. तुर्कस्तानच्या रिझा कायाल्पने २०११ आणि २०१५ च्या जागतिक स्पर्धांच्या अंतिम फेरीत त्याला हरवले. ऑलिम्पिकमध्ये मात्र लंडन, रिओ आणि टोकियो अशा तिन्ही वेळा लोपेझच वरचढ ठरला. टोकियोनंतर जवळजवळ तीन वर्षे तो स्पर्धेत उतरलाच नाही आणि थेट पॅरिसला आला.

बेसबॉल आणि मुष्टियुद्ध यांवर जीव टाकणाऱ्या क्यूबात एका कुस्तीगिराला एवढे प्रेम मिळावे, हे विशेषच. बीजिंगपासून टोकियोपर्यंत चारही ऑलिम्पिकमध्ये देशाचा ध्वज त्याच्या हाती होता. रिओत जिंकल्यावर त्याने प्रशिक्षक राऊल त्रुहियो यांनाच उचलून मॅटवर आपटले, तेव्हा प्रेक्षागृह हसण्यात बुडाले. पॅरिसमध्ये क्यूबाला अवघी दोन सुवर्णे मिळाली. त्यातले एक त्याचे.

या लोकप्रियतेला दुसरी बाजूही आहे. अंतिम फेरीत ६-० ने हरलेला यास्मानी अकोस्ता चिलीकडून खेळला, पण जन्माने क्यूबनच. एका वजनगटात देशाला एकच जागा, आणि ती वर्षानुवर्षे लोपेझकडे. २०१५ मध्ये स्पर्धेसाठी चिलीला गेलेला अकोस्ता परतलाच नाही. नव्या देशाचे नागरिकत्व मिळेपर्यंत त्याने सुरक्षारक्षकाचे काम केले. पॅरिसमधले त्याचे रौप्य हे चिलीचे कुस्तीतील पहिले ऑलिम्पिक पदक.