चेक कुणाच्या नावानं?

सरकारी मदतीची बातमी आली की घरोघरी पहिला प्रश्न निघतो : सातबारा कुणाच्या नावावर आहे? दुसऱ्याची जमीन बटईनं कसणारा माणूस तिथंच गप्प होतो. नव्वद वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका जिल्ह्यात याच प्रश्नानं कित्येक कुटुंबांचं घर मोडलं.

आर्कान्सा राज्यातला पॉइन्सेट हा तो जिल्हा. जमीन मोठ्या मालकांची, कसणारे वाटेकरी. काही गोरे, काही काळे. बी-बियाणं, किराणा मालकाकडून उधार. हंगाम संपला की निम्मा कापूस मालकाचा आणि उरलेल्या निम्म्यातून उधारी वळती. हिशेबाची वही अर्थात मालकाच्याच हातात.

1932 साली कापसाचा भाव पौंडाला सहा सेंटांच्या आसपास घसरला होता. मे 1933 मध्ये कायदा झाला : पीक कमी करा, सरकार पैसे देईल. पण तोवर कापूस शेतात उभा होता. मग देशभरात सुमारे एक कोटी एकर उभ्या कापसावर नांगर फिरवला गेला. खेचरांना जन्मभर दोन ओळींमधून चालायची शिकवण. ती रोपांवर पाय ठेवायला तयार होईनात, असं लोक सांगत.

पुढच्या वर्षी करार आला. पडीक ठेवलेल्या जमिनीवर एरवी जो कापूस झाला असता, त्यावर पौंडाला साडेचार सेंट मिळायचे. त्यातले चार मालकाचे, अर्धा वाटेकऱ्याचा. कुळांची संख्या 'शक्य तितकी' कायम ठेवावी, असं एक कलम होतं खरं. पण हे 'शक्य तितकी' ठरवणार कोण? तक्रार ऐकायला ज्या स्थानिक समित्या होत्या, त्यांत वजन जमीनदारांचंच. जमीन पडीक, मग वाटेकरी पोसायचे कशाला? अनेकांना घर खाली करायला सांगितलं गेलं. सरकारच्या पैशातून काही मालकांनी ट्रॅक्टर घेतले आणि कालचा वाटेकरी रोजंदारीवर आला.

जुलै 1934 मध्ये याच जिल्ह्यातल्या टायरोन्झा गावाजवळ अठरा माणसं जमली. अकरा गोरे, सात काळे. संघटना एकच करायची की वेगवेगळी, यावर बोलणं झालं आणि एकच करायची ठरली. त्या काळच्या दक्षिणेत ही साधी गोष्ट नव्हती. वाटेकऱ्यांच्या या संघटनेच्या सभा उधळल्या गेल्या, कार्यकर्त्यांना मारहाण झाली. तिकडे वॉशिंग्टनच्या शेती खात्यातल्या काही वकिलांनी त्या कलमाचा अर्थ कुळांच्या बाजूनं लावला. फेब्रुवारी 1935 मध्ये त्यांनाच नोकरीवरून काढण्यात आलं. जानेवारी 1936 मध्ये सुप्रीम कोर्टानं मूळ कायदा रद्द केला. कारण मात्र वेगळंच होतं, कुळांवरचा अन्याय नव्हे.

आता आपल्याकडे बघा. पीएम-किसानचे वर्षाला 6,000 रुपये आणि 2023 पासून राज्याचे आणखी 6,000, तेही ज्याच्या नावावर जमीन त्यालाच. पैसे थेट खात्यात येतात, मधला माणूस गेला, हे चांगलंच झालं. पण खुरपणी, वेचणी करणाऱ्या किती बायकांचं नाव सातबारावर आहे? आणि बटईदाराकडे तर कागदच नसतो. लेखी दिलं तर कुळ लागेल, ही मालकाची भीती. म्हणून सगळा व्यवहार तोंडी. गारपीट झाली की पंचनाम्यावर नाव मालकाचं लागतं आणि बियाण्याची उधारी बटईदाराच्या अंगावर राहते.