राष्ट्राध्यक्षपद गेले, पण मैदान सोडले नाही! जनतेच्या अर्जासाठी आठ वर्षे झुंजलेले जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स

देशाच्या सर्वोच्च पदावर बसलेला नेता निवडणूक हरला की बहुधा घरी बसतो. अमेरिकेचे सहावे राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स मात्र साधे खासदार होऊन पुन्हा सभागृहात आले. त्यांचे खरे मोठे काम झाले ते या दुसऱ्या डावात.

वडीलही राष्ट्राध्यक्ष

अ‍ॅडम्स यांचा जन्म ११ जुलै १७६७ रोजी मॅसॅच्युसेट्समध्ये झाला. वडील जॉन अ‍ॅडम्स हे अमेरिकेचे दुसरे राष्ट्राध्यक्ष. वयाच्या चौदाव्या वर्षीच हा मुलगा अमेरिकी दूताचा दुभाषी म्हणून रशियाला गेला. पुढे नेदरलँड्स, प्रशिया, रशिया आणि ब्रिटन अशा देशांत तो स्वतः राजदूत झाला. १८१७ पासून आठ वर्षे ते परराष्ट्रमंत्री होते. स्पेनकडून फ्लोरिडा मिळवणारा १८१९ चा करार त्यांनीच घडवला.

आकड्यांचा खेळ

१८२४ च्या निवडणुकीत एकूण २६१ निर्वाचक मते होती आणि बहुमताला १३१ हवी होती. अँड्र्यू जॅक्सन यांना ९९, अ‍ॅडम्स यांना ८४, क्रॉफर्ड यांना ४१ आणि हेन्री क्ले यांना ३७ मते पडली. बहुमत कोणालाच नाही. अशा वेळी घटनेनुसार पहिल्या तिघांतून निवड प्रतिनिधी सभागृह करते आणि प्रत्येक राज्याला एकच मत असते. चौथे आलेले क्ले बाद झाले, त्यांनी अ‍ॅडम्सना पाठिंबा दिला. २४ पैकी १३ राज्ये मिळवून अ‍ॅडम्स निवडून आले. नंतर क्ले परराष्ट्रमंत्री झाले आणि 'सौदा झाला' म्हणून जॅक्सन समर्थकांनी रान उठवले. तो डाग शेवटपर्यंत पुसला गेला नाही. रस्ते, कालवे, राष्ट्रीय विद्यापीठ अशा त्यांच्या योजनांना संसदेत फारशी साथ मिळाली नाही. १८२८ मध्ये जॅक्सन यांनी त्यांचा १७८ विरुद्ध ८३ असा पराभव केला.

अर्ज घ्यायचाच नाही?

१८३० मध्ये अ‍ॅडम्स प्रतिनिधी सभागृहावर निवडून आले. त्या काळी गुलामगिरी बंद करा, अशी मागणी करणारे हजारो अर्ज संसदेकडे येत. त्यावर अनेक महिलांच्याही सह्या असत. १८३६ मध्ये सभागृहाने ठराव केला की, असे अर्ज चर्चेविना बाजूला ठेवायचे. १८४० मध्ये तर ते स्वीकारायचेच नाहीत, असा कायमचा नियम झाला.

सरकारपुढे गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क अमेरिकेच्या घटनेतच आहे. अ‍ॅडम्सनी नेमका तोच मुद्दा धरला. मागणी मान्य करा किंवा फेटाळा, पण अर्ज घ्या, वाचा, उत्तर द्या, एवढेच त्यांचे म्हणणे होते. दरवर्षी ते अर्जांचे गठ्ठे घेऊन उभे राहत आणि विरोधक त्यांना ओरडून खाली बसवत.

१८४२ मध्ये त्यांनी हेवरहिल गावच्या लोकांचा एक अर्ज मांडला. त्यात चक्क संघराज्य मोडण्याची मागणी होती. अ‍ॅडम्सना ती अजिबात मान्य नव्हती. ती का नाकारली, याचे उत्तर अर्जदारांना द्या, असे ते म्हणाले. तरीही त्यांच्यावर निंदेचा ठराव आला. चौऱ्याहत्तर वर्षांच्या अ‍ॅडम्सनी जवळपास दोन आठवडे एकट्याने किल्ला लढवला. शेवटी विरोधकांनाच माघार घ्यावी लागली.

३ डिसेंबर १८४४ रोजी १०८ विरुद्ध ८० मतांनी तो नियम रद्द झाला.

शेवटही सभागृहातच

मधल्या काळात, १८४१ मध्ये, 'अमिस्टाड' जहाजावरच्या आफ्रिकी बंदिवानांची बाजूही त्यांनी सर्वोच्च न्यायालयात मांडली. न्यायालयाने त्यांना मुक्त केले.

२१ फेब्रुवारी १८४८ रोजी अ‍ॅडम्स सभागृहात आपल्या जागेवरच कोसळले आणि दोन दिवसांनी सभापतींच्या दालनात त्यांनी प्राण सोडला. त्याच सभागृहात इलिनॉयचा एक नवखा खासदार होता, अब्राहम लिंकन. ज्या मागणीचे अर्ज एकेकाळी हातातही घेतले जात नव्हते, ती मागणी १८६५ मध्ये अमेरिकेच्या घटनेत दाखल झाली.