प्रिपेअर्ड पियानो

प्रिपेअर्ड पियानो, अर्थात सिद्ध केलेला पियानो, म्हणजे तारांच्या मध्ये स्क्रू, बोल्ट, रबर, प्लास्टिक अशा वस्तू बसवून ज्याचा नाद पालटला आहे असा पियानो. या वस्तूंमुळे तारेचे कंपन काही अंशी रोधले जाते आणि पट्टी दाबताच ओळखीच्या सुराऐवजी कधी घंटेचा, कधी लाकडाचा, तर कधी चर्मवाद्याचा भास होतो. वादक एकटाच असतो. ऐकणाऱ्यास मात्र अनेक तालवाद्यांचा मेळ चालल्यासारखे वाटते.

उगम

पियानोच्या तारांवर थेट बोटे फिरवण्याचे प्रयोग अमेरिकी संगीतकार हेन्री कॉवेल यांनी १९२०च्या दशकातच केले होते. त्यांचे शिष्य जॉन केज यांनी १९४० साली सिॲटल येथे सिव्हिला फोर्ट यांच्या ‘बॅकनाल’ या नृत्यासाठी संगीत रचावयास घेतले. रंगमंचाजवळ तालवाद्यवृंदास जागा नव्हती, पियानो होता. तेव्हा केज यांनी पियानोचेच तालवाद्य केले.

भारतीय संबंध

१९४६ साली गीता साराभाई न्यूयॉर्कला गेल्या असता केज त्यांच्याकडून भारतीय संगीत शिकले. बदल्यात त्यांनी साराभाईंना पाश्चात्त्य संगीताचे पाठ दिले. साराभाई पखवाजवादक होत्या. त्यांचे गुरू गोविंदराव बऱ्हाणपूरकर हे वाईजवळच्या बावधनचे नाना पानसे यांच्या परंपरेतील. पखवाजाच्या डाव्या पुडीला वादनापूर्वी ओली कणीक थापतात, हे कंधारकडील भजन-कीर्तनाच्या श्रोत्यांस सांगावयास नको. कणकेच्या वजनाने पुडीचा नाद खाली उतरून घुमारदार होतो. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवून जवारी खुलवतात, तोही याच जातीचा उपाय होय. केज यांची कल्पना मात्र या वाद्यांवरून घेतलेली नाही. ती साराभाईंच्या भेटीपूर्वीचीच आहे.

सोनाटाज अँड इंटरल्यूड्स

१९४६ ते १९४८ या काळात रचलेली ही कृती या वाद्यासाठीची सर्वांत प्रसिद्ध रचना. तिच्यात सोळा सोनाटा व चार इंटरल्यूड असून पंचेचाळीस सुरांच्या तारा सिद्ध कराव्या लागतात. कोणती वस्तू कोणत्या तारांमध्ये, किती अंतरावर बसवावी याचा तक्ता स्वरलिपीसोबतच दिलेला असतो. तरीही प्रत्येक पियानोची लांबी वेगळी असल्याने नेमका नाद वादकास कानानेच ठरवावा लागतो आणि त्यात काही तास जातात.

आनंद कुमारस्वामी यांच्या लेखनातून केज यांना रसविचाराचा परिचय झाला होता. शृंगार, वीर, करुण आदी आठ रस आणि त्या सर्वांचा शांताकडे असलेला ओढा ही या कृतीची कल्पना. कोणता सोनाटा कोणत्या रसाचा, हे मात्र त्यांनी सांगितलेले नाही.