चीनला गेलं की चिनी येते का?

उल्हासनगरच्या बाजारात चीनचं नाव दिवसातून कितीतरी वेळा निघतं. दुकानांमधला बराचसा माल थेट किंवा आडवळणाने तिकडूनच आलेला असतो. अंबरनाथ आणि बदलापूरच्या एमआयडीसीत रसायनांचे आणि औषधांचे कारखाने आहेत. भारत औषधांसाठी जो कच्चा माल आयात करतो, त्यातला सुमारे दोन तृतीयांश चीनमधून येतो. एवढी देवाणघेवाण असूनही चिनी बोलता येणारा माणूस या पट्ट्यात सहज सापडत नाही. त्यामुळे बारावीनंतर किंवा पदवीनंतर एक वर्ष तिकडच्या विद्यापीठात भाषा शिकून यावं, हा विचार मला अगदी रास्त वाटतो. मात्र त्याभोवती गैरसमजांची गर्दी आहे, आणि त्यांपायी मुलांचं वर्ष आणि घरच्यांचे पैसे पणाला लागतात.

‘तिथे वर्षभर राहिलं की भाषा आपोआप येते’ हा त्यातला सर्वांत महागडा गैरसमज. चीनमधल्या अनेक विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्यांची वसतिगृहं वेगळी असतात. खोलीत शेजारी चिनी मुलगा असेल, ही अपेक्षा बहुधा फोल ठरते. बाहेर पडावं तर आपली मंडळी भेटतात, त्यांच्याशी हिंदी नाहीतर इंग्रजी चालते, आणि जेवणही मोबाइलवरच्या चित्राला बोट लावून मागवता येतं. असं वर्ष काढून हातात प्रमाणपत्र येतं, पण दुकानदाराशी दोन मिनिटं बोलायची वेळ आली की जीभ अडते.

भाषेत बुडून शिकणं म्हणजे काय, याचं मराठी माणसाला सर्वांत जवळचं उदाहरण सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं आहे. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांचं पथक चीनला गेलं, त्यात ते होते. कुठला वर्ग नाही, नीट पाठ्यपुस्तक नाही. पण रुग्ण चिनी, परिचारिका चिनी, विद्यार्थीही चिनी. जखमी सैनिकाला कुठे दुखतं हे विचारायचं तर चिनीतूनच. पुढे ते बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले, तिथल्या विद्यार्थ्यांना शिकवू लागले, चिनी परिचारिकेशी त्यांनी लग्न केलं आणि १९४२ मध्ये अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच त्यांचा मृत्यू झाला. त्या भाषेवाचून त्यांचं कामच होत नव्हतं, म्हणून ती आली. तेव्हाही नुसता मुक्काम पुरला नसता.

चांगला विद्यापीठीय अभ्यासक्रम हीच निकड मुद्दाम निर्माण करतो. पेइचिंगचं भाषा आणि संस्कृती विद्यापीठ १९६२ पासून परदेशी लोकांना चिनी शिकवतं. तैवानच्या नॅशनल तैवान नॉर्मल युनिव्हर्सिटीचं मँडरिन केंद्र त्याहून जुनं, १९५६ चं. सुरुवातीला पातळी तपासून गट ठरतो, आठवड्याला साधारण १५ ते २० तास वर्ग भरतात आणि जवळपास तेवढाच वेळ घरच्या तयारीला लागतो. तैपेईतल्या नॅशनल तैवान युनिव्हर्सिटीच्या सघन अभ्यासक्रमात तर गट अगदी तीन-चार जणांचे असतात आणि वर्गात चिनीशिवाय दुसरी भाषा चालत नाही. प्रवेश घेण्याआधी विद्यापीठाच्या नावापेक्षा हे दोन आकडे विचारावेत: आठवड्याला तास किती आणि एका वर्गात मुलं किती.

‘इंग्रजी माध्यमाच्या मुलांना चिनी सोपी जाते’ असंही पालक बोलतात. मला वस्तुस्थिती उलट दिसते, आणि हे मराठी घरांत कोणीतरी ठासून सांगायला हवं. चिनी उच्चार रोमन लिपीत लिहिण्याची पद्धत १९५८ पासून रूढ आहे. तिच्यात जिथे ‘बी’ हे अक्षर असतं तिथे उच्चार प-च्या जवळचा होतो, आणि जिथे ‘पी’ असतं तिथे फळातल्या फ-सारखा. ‘डी’ आणि ‘टी’ म्हणजे त आणि थ, ‘जी’ आणि ‘के’ म्हणजे क आणि ख. हा अल्पप्राण-महाप्राण भेद इंग्रजीच्या कानाला महिनोन्‌महिने छळतो. आपल्याकडे तो पहिलीतल्या मुलालाही येतो. शिवाय चाकातला च आणि चिंचेतला पहिला च आपण न चुकता वेगळे म्हणतो, आणि चिनीतही तसे दोन गट वेगळे ठेवावेच लागतात. एवढंच करा: पहिल्या आठवड्यात रोमन अक्षरं इंग्रजीसारखी वाचू नका, उच्चार कानाने ऐकून देवनागरीत लिहून ठेवा.

व्याकरणातही आपल्याला आधार मिळतो. ‘काल आलेला माणूस’ हा शब्दक्रम चिनीत जवळजवळ तसाच राहतो, इंग्रजीत तो उलटा करावा लागतो. लिंगभेद नाही, क्रियापदाला पुरुष-वचनाची रूपं नाहीत. कर्म मात्र क्रियापदानंतर येतं, त्याची सवय करावी लागते. खरी अवघड गोष्ट म्हणजे सूर. आपण प्रश्न विचारताना किंवा राग आला की आवाज चढवतो. चिनीत आवाजाची चढउतार शब्दाचाच भाग असते, ती बदलली की शब्द बदलतो. पहिले दोन महिने याच कामाला द्यावेत. इथे घाई केलेल्यांचे उच्चार पुढे सुधारणं फार कठीण जातं.

लिपीची भीतीही गरजेपेक्षा मोठी आहे. चीनच्या सरकारी यादीत नेहमीच्या वापरातली चिन्हं ३,५०० आहेत, आणि बहुतेक चिन्हांत एक भाग अर्थाकडे तर दुसरा उच्चाराकडे बोट दाखवतो. लक्षात ठेवायची गोष्ट निराळीच आहे. चीनमध्ये सोपी केलेली चिन्हं चालतात, तैवान आणि हाँगकाँगमध्ये पारंपरिक. ज्याला चिनी कंपन्यांशी व्यवहार करायचा आहे त्याने हे लक्षात घेऊनच देश निवडावा. हाँगकाँगच्या रस्त्यावर बोलली जाते ती कँटोनीज, आपण ‘चिनी’ म्हणून शिकतो ती मँडरिन नव्हे, हेही अनेकांना तिथे उतरल्यावर कळतं.

एका वर्षात माणूस दुभाषी होतो का? नाही. अमेरिकन परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेचा अंदाज असा, की इंग्रजी भाषकाला कामापुरती चिनी यायला सुमारे २,२०० तासांचे वर्ग लागतात. आठवड्याला २० तास धरले तरी शैक्षणिक वर्षात सातशेच्या आसपास तास होतात. शून्यापासून सुरू करून नेटाने अभ्यास केला, तर एचएसके या चिनी भाषेच्या परीक्षेची चौथी पातळी गाठणं शक्य असतं. जुन्या सहा पातळ्यांच्या रचनेत ती १,२०० शब्दांची. नोकरीच्या जाहिरातीत अनेकदा याच्या वरची पातळी मागितलेली असते. आणि भाषेचं हे वर्ष म्हणजे पदवी नव्हे. तिकडे एमबीबीएसला जाणाऱ्या मुलांनाही, अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी, रुग्णांशी बोलण्याइतकी चिनी शिकावीच लागते. भारतीय दूतावासाने २०२२ मध्ये तसं बजावलं आहे.

२०२० मध्ये गलवान खोऱ्यात भारतीय आणि चिनी सैनिकांची चकमक झाली, त्यानंतर ‘शत्रूची भाषा कशाला?’ हा प्रश्न घराघरांत आला. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शाळांत शिकवायच्या परदेशी भाषांची नावं दिली, त्यांत चिनी नाही. मला वाटतं, ज्या देशाशी तंटा आहे त्याची भाषा जाणणारी आपली माणसं जास्तच हवीत. वसंत परांजपे यांना भारत सरकारने १९४७ मध्ये पेकिंग विद्यापीठात शिकायला पाठवलं. १९५४ साली नेहरू माओंना भेटले तेव्हा दुभाषी म्हणून ते हजर होते, आणि पुढे ते राजदूत झाले. आजही वाट बंद नाही: विद्यार्थ्यांना २०२२ पासून चिनी व्हिसा पुन्हा मिळू लागला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये थेट विमानसेवाही सुरू झाली. तैवानने २०२४ मध्ये मुंबईत आपलं कार्यालय उघडलं आहे.

‘शिष्यवृत्ती फक्त हुशार पदवीधरांना’ हेही खरं नाही. चीन सरकारची शिष्यवृत्ती आणि तैवानची हुआयू शिष्यवृत्ती, दोन्हींत केवळ भाषा शिकण्यासाठी जागा असतात. शिष्यवृत्ती मिळाली तरी विमानभाडं आणि पहिल्या महिन्याचा खर्च जवळ ठेवावा. चीनमध्ये १८० दिवसांहून जास्त शिकायचं तर एक्स-१ व्हिसा लागतो आणि पोचल्यावर ३० दिवसांत निवास परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. तिथे व्हॉट्सॲप आणि गुगल चालत नाहीत, तेव्हा घरच्यांशी बोलायची दुसरी सोय इथूनच ठरवून जावी.

सप्टेंबरच्या सत्रासाठीच्या शिष्यवृत्तीचे अर्ज बहुधा त्याच वर्षाच्या पहिल्या तीन-चार महिन्यांत भरायचे असतात. बदलापूर-कुर्ला प्रवासातल्या रोजच्या तासाभरात पहिले तीनशे शब्द आणि चार सूर कानावर घालण्याचं काम त्याआधीच्या दिवाळीपासून सुरू करता येतं. पातळी तपासणीत तेवढं आलं तरी विद्यार्थ्याला अगदी पहिल्या पायरीच्या वर्गात बसावं लागत नाही, आणि शुल्क भरलेलं पूर्ण सत्र पुढच्या अभ्यासाला मिळतं.