स्विच म्हणजे भिंतीवरचे बटण नव्हे

मुलगा नवी मुंबईला डाटा सेंटरमध्ये 'स्विचवर' आहे, असे अकोल्यातल्या एखाद्या घरी सांगितले तर शेजारीपाजारी त्याला वायरमन समजतात. त्यात त्यांचा दोष नाही. आपल्याकडे स्विच म्हणजे भिंतीवरचे बटण. परंतु दालमिलमध्ये, हमालीत, साफसफाईच्या कामात घाम गाळून मुलामुलींना आयटीआय किंवा डिप्लोमा करविणाऱ्या आईवडिलांनी हे काम नेमके काय ते समजून घेणे जरूर आहे. कारण याच कामाच्या नावावर भरमसाट फी मागणारेही पुष्कळ आहेत.

बँकेचे खाते, रेल्वेचे तिकीट, शिष्यवृत्तीचा अर्ज, हे सारे शेवटी कुठल्यातरी डाटा सेंटरमधल्या संगणकांत जाऊन बसते. मुंबईच्या किनाऱ्यावर समुद्राखालच्या केबल येतात. म्हणून ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात, जेथे पूर्वी कारखान्यांच्या चिमण्या होत्या तेथे आता अशा इमारती उभ्या आहेत. आत हजारो संगणक कपाटांत रचलेले. त्यांच्या तारा ज्या चपट्या पेटीत एकत्र येतात ती पेटी म्हणजे स्विच. उंची पावणेदोन इंच, रुंदी एकोणीस इंच, पुढे ३२ किंवा ४८ तोंडे. त्यांना पोर्ट म्हणतात.

स्विचच्या आधी 'हब' होते. हबचे काम गावातल्या दवंडीसारखे. निरोप एकाचा असला तरी ऐकायचा सर्वांनी. स्विच मात्र पोस्टाच्या सॉर्टरसारखा वागतो. कोणता संगणक कोणत्या तोंडाला जोडला आहे हे तो येणाऱ्या निरोपावरूनच टिपून ठेवतो आणि पुढचा निरोप नेमक्या त्याच तोंडाने सोडतो. असा पहिला इथरनेट स्विच १९९० मध्ये अमेरिकेत बाजारात आला. त्याला अवघी सात तोंडे होती. कंपनीचे नाव होते 'कल्पना'. विनोद भारद्वाज या भारतीय वंशाच्या संस्थापकाने पत्नीचे नाव कंपनीला दिले होते. १९९४ मध्ये सिस्कोने ती विकत घेतली. हे नाव आपल्याकडे फारसे कुणी घेत नाही, याचे नवल वाटते.

या कामातली खरी भीती असते ती फेऱ्याची. एक तार तुटली तर दुसरी असावी म्हणून दोन स्विचमध्ये दोन तारा टाकल्या, की सर्वांसाठी असलेला निरोप एकीने जातो, दुसरीने परत येतो आणि फिरतच राहतो. प्रत्येक फेरीत त्याच्या नकला वाढतात. त्याला थांबा म्हणणारे कोणी नसते. काही सेकंदांत सारे जाळे गुदमरते. यावर १९८५ मध्ये राडिया पर्लमन या महिला संशोधकाने तोड काढली. स्विचनी आपसांत एक प्रमुख निवडायचा, त्याच्याकडे जाणारी एकच वाट उघडी ठेवायची, बाकीच्या मिटून ठेवायच्या. उघडी वाट तुटली की मिटलेली उघडायची. आजही लहानमोठ्या कार्यालयांतले स्विच याच पद्धतीने चालतात. मोठ्या डाटा सेंटरला मात्र अर्ध्या तारा मिटून ठेवणे परवडत नाही. तेथे प्रत्येक कपाटाचा स्विच वरच्या सर्व स्विचना जोडतात आणि सगळ्या वाटा एकाच वेळी वापरतात.

आता प्रत्यक्ष काम. सुरुवातीची नोकरी बहुधा हातांची असते. कपाटात स्विच बसविणे, तारा ओढणे, दोन्ही टोकांना चिठ्ठी लावणे. चिठ्ठी नसलेली तार म्हणजे पुढच्या पाळीवाल्याला शिक्षा! प्रकाशाच्या तारेचा गाभा अवघा ९ मायक्रॉन, आपल्या केसाहून कितीतरी बारीक. त्यावर धुळीचा कण बसला तरी बिघाड होतो, म्हणून जोडण्यापूर्वी दरवेळी टोक साफ करायचे. त्या टोकात डोळा लावून मात्र कधीच पाहायचे नाही. प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. मोठे बदल रात्री करतात, कारण तेव्हा वापर कमी. बदलापूर्वी जुन्या मांडणीची नक्कल ठेवायची आणि बिघडले तर मागे कसे यायचे हे आधीच लिहून ठेवायचे.

या धंद्यातली एक गोष्ट मला विशेष वाटते. इंटरनेटचे नियम ज्या कागदांत आहेत, त्यांतला पहिला ७ एप्रिल १९६९ चा. त्यांचे नावच 'अभिप्रायासाठी विनंती' असे आहे. ते कोणालाही फुकट वाचता येतात, आणि नियम ठरविणाऱ्या मंडळात भाग घ्यायला सभासद वर्गणी लागत नाही. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने स्विच चालविणारी आपली 'सॉनिक' ही प्रणालीही सर्वांसाठी खुली केली. ज्ञान कुलुपात ठेवल्याने काय होते, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. येथे कुलूप नाही. अडसर आहे तो इंग्रजीचा, आणि तो लहान नाही.

शिकण्यासाठी कर्ज काढण्याची घाई करू नये. आयआयटीच्या प्राध्यापकांचे नेटवर्कवरचे पाठ एनपीटीईएलवर फुकट आहेत. सिस्कोचे 'पॅकेट ट्रेसर' साध्या संगणकावर स्विच जोडून दाखविते, तेही फुकट. सीसीएनए परीक्षेला पदवीची अट नाही. फी मात्र सुमारे ३०० डॉलर आहे आणि प्रमाणपत्र तीनच वर्षे चालते, म्हणून पक्की तयारी झाल्यावरच पैसे भरावेत. क्लास लावायचाच असेल तर खरा स्विच हाताळायला मिळतो काय, हे आधी जाऊन पाहावे. शंभर टक्के नोकरीची हमी देणाऱ्याकडून ती लेखी मागावी.

स्विचवाल्यांखेरीज या इमारतींना इलेक्ट्रिशियन, वातानुकूलन आणि डिझेल जनरेटर सांभाळणारी माणसेही चोवीस तास लागतात. आयटीआय झालेल्यांनी तिकडेही पाहावे.

यातली बरीच कामे कंत्राटदारामार्फत दिली जातात. तेव्हा विदर्भ एक्सप्रेसमध्ये बसण्यापूर्वी मुलाने किंवा मुलीने विचारून घ्यावे: नेमणूकपत्र कोणाच्या नावाचे, भविष्य निर्वाह निधी कोण भरणार, रात्रपाळ्या महिन्यात किती आणि रात्री घरी पोचविण्याची सोय काय. भविष्य निर्वाह निधीचा यूएएन क्रमांक पहिल्याच महिन्यात मागून घ्यावा आणि त्यात पैसे जमा होतात की नाही, ते मोबाईलवर स्वतः पाहत जावे.