हँडलपासून अल्टरनेटरपर्यंत : ट्रॅक्टरच्या वायरिंगचा मागोवा

शेतातला ट्रॅक्टर सुरुवातीची बरीच वर्षे बॅटरीविनाच चालला. १९१७ साली बाजारात आलेल्या फोर्डसन मॉडेल एफवर सेल्फ नव्हता. ठिणगीपुरती वीज फ्लायव्हीलमध्ये बसवलेला मॅग्नेटो तयार करी आणि इंजिन हँडल मारून चालू करावे लागे. वायरिंग म्हणावे असे त्यात फारसे काही नव्हते. १९३९ च्या फोर्ड ९एनवर सेल्फ, जनरेटर आणि सहा व्होल्टची बॅटरी आली. १९४६ पासून इंग्लंडमध्ये कोव्हेंट्रीला बनू लागलेल्या फर्ग्युसन टीई-२० वर तर सेल्फचा स्विच गिअरच्या दांड्यालाच जोडलेला होता. दांडा ‘एस’ या जागी नेल्याशिवाय सेल्फ लागत नसे, त्यामुळे गिअरमध्ये असलेला ट्रॅक्टर चुकून चालू होऊन कोणाच्या अंगावर जाण्याचा धोका टळला. पुढे अनेक कंपन्यांनी न्यूट्रलच्या सेफ्टी स्विचच्या रूपाने हीच काळजी घेतली. जुन्या ट्रॅक्टरचे वायरिंग नव्याने करताना हा स्विच वगळून थेट पुशबटण बसवण्याची पद्धत पडली आहे, ती सर्वात घातक म्हणावी लागेल.

भारतात ट्रॅक्टर बनू लागले ते १९५९ साली आयशरपासून, फरीदाबादला. पाठोपाठ मद्रासमध्ये टाफे उभी राहिली. १९६३ साली महिंद्रने इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांच्याबरोबर कंपनी काढली आणि मुंबईत कांदिवलीला बी-२७५ तयार होऊ लागला. हा ट्रॅक्टर मुळात ब्रिटनमध्ये बनणारा. अशा ट्रॅक्टरांबरोबर लुकास या ब्रिटिश कंपनीच्या धाटणीची बारा व्होल्टची मांडणीही इथे रुजली. डायनॅमो, कटआऊट आणि रेग्युलेटरचा डबा, डॅशबोर्डवर अँपियर मीटर, दोन हेडलाईट, मागे एक नांगरणीचा दिवा आणि हॉर्न, एवढाच तिचा पसारा.

त्या काळच्या डिझेल इंजिनाला एकदा चालू झाल्यावर विजेची गरज उरत नाही. पंप यांत्रिक, बंद करायलाही ओढायची तार. म्हणून बॅटरी मेली तरी ट्रॅक्टर उतारावर लावून ठेवायचा, धक्क्यावर चालू करायचा आणि काम उरकायचे, ही सवय गावोगाव लागली. वायरिंगची आबाळ झाली ती यामुळेच. एक दिवा गेला की कुठूनतरी जोडवायर ओढली, चिकटपट्टी गुंडाळली, फ्यूजच्या जागी तांब्याची तार घातली. रबर आणि सुती विणीच्या वेष्टणाच्या जुन्या वायरी एक्झॉस्टच्या उष्णतेने ठिसूळ होत, तेल पिऊन फुगत आणि उरलेले काम शेडमधले उंदीर करत. अशी वायर सोलली की आतले तांबे काळे-हिरवे निघते आणि त्यावर डाकही धरत नाही. पीव्हीसी वेष्टण आल्यावर वायरींचे आयुष्य वाढले. जोडांची हेळसांड मात्र तशीच राहिली.

या सगळ्या काळातला मोठा बदल म्हणजे डायनॅमो जाऊन अल्टरनेटर येणे. डायनॅमोत तयार झालेला सगळा प्रवाह कम्युटेटरवरच्या कार्बनमधून बाहेर पडतो, त्यामुळे त्याच्या ताकदीला मर्यादा असते. लुकास सी-४० सारखा डायनॅमो जेमतेम २२ अँपियर देई आणि इंजिन हळू फिरत असताना जवळपास काहीच देत नसे. अल्टरनेटरमध्ये वीज स्थिर गुंडाळीत तयार होते, कार्बनमधून फक्त फिल्डचा थोडासा प्रवाह जातो आणि सिलिकॉन डायोड त्या विजेचे डीसी करतात. साठच्या दशकात असे डायोड स्वस्त झाले आणि अल्टरनेटर वाहनांवर सर्रास दिसू लागला. ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरांना त्याचा मोठा आधार झाला, कारण हंगामात रात्रभर दिवे, ट्रॉलीचे टेललाईट आणि वर मोठ्या आवाजाचा टेप हा भार डायनॅमोच्या आवाक्याबाहेरचा होता.

पण अल्टरनेटर डायनॅमोसारखा सोशिक नाही. इंजिन चालू असताना बॅटरी काढली किंवा उलटी जोडली, तर डायोड जळतात. नेमकी इथेच जुन्या ब्रिटिश वळणाच्या ट्रॅक्टरांत गफलत होते, कारण त्यांपैकी अनेकांत बॅटरीचे प्लस टोक अर्थला असते. वायरिंग उलगडण्याआधी तेच पाहायला हवे. मायनस अर्थ करायचा तर बॅटरी फिरवावी आणि अँपियर मीटरच्या दोन वायरी अदलाबदल कराव्यात. डायनॅमो ठेवायचा असेल, तर त्याच्या एफ टर्मिनलची वायर सोडवून त्या टर्मिनलला बॅटरीच्या प्लसची वायर क्षणभर टेकवावी, म्हणजे त्याचे चुंबकत्व नव्या दिशेने बसते. सेल्फच्या आत फिल्ड कॉइल असेल, तर तो दोन्ही जोडण्यांत एकाच दिशेला फिरतो. त्याला हात लावावा लागत नाही. डायनॅमोच्या जागी लुकासच्या १७एसीआरसारखा ३६ अँपियरचा अल्टरनेटर घ्यायचा, तर जुनी चार्जिंगची वायर आणि ३० अँपियरचा मीटर तसाच ठेवून भागत नाही. वायर तापून आग लागण्याची शक्यता खरीखुरी असते.

वायरीची जाडी अंदाजाने ठरवू नये. १४ तारांची, प्रत्येक तार ०.३० मिलिमीटरची, अशी वायर म्हणजे एक चौरस मिलिमीटर. ती पार्किंग आणि टेललाईटला पुरते. हेडलाईटला २८ तारांची घ्यावी. बारीक वायरीत एक व्होल्ट पडला तरी दिव्याचा उजेड डोळ्यांना जाणवेल इतका उतरतो. सेल्फ शेकडो अँपियर ओढतो, म्हणून त्याची केबल जाड आणि आखूड असावी. इंजिन आणि चॅसी यांच्यातला अर्थचा जोड रंग खरवडून, चकचकीत धातूवर बसवावा. सेल्फ मंद फिरण्याचे कारण पुष्कळदा बॅटरीत नसून या जोडात सापडते. रंगांची जुनी ब्रिटिश पद्धत आजही सोयीची आहे. तपकिरी वायर थेट बॅटरीची, पांढरी चावीनंतरची, हिरवी चावी आणि फ्यूजनंतरची, निळी हेडलाईटची, लाल पार्किंगची, काळी अर्थची. सगळीकडे एकाच रंगाची वायर वापरली की पुढच्या मिस्त्रीला प्रत्येक वायर नव्याने शोधत बसावे लागते.

वायरींचा जुना जुडगा कापण्याआधी कागदावर नकाशा काढून प्रत्येक टोकाला चिठ्ठी बांधावी आणि नवा त्याच मापाने जमिनीवर बांधून घ्यावा. पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट लागतेच. थिंबल नीट दाबून बसवावे. नुसत्या डाकाने जोड कडक होतो आणि ट्रॅक्टरच्या थरथरीने वायर त्याच्या कडेला तुटते. काम संपल्यावर बॅटरी थेट जोडू नये. एका टोकाशी बारा व्होल्टचा २१ वॅटचा बल्ब सिरीजमध्ये लावावा. सर्व स्विच बंद असताना बल्ब पेटला, तर कुठेतरी शॉर्ट आहे. नाही पेटला, तर एकेक फ्यूज घालत पुढे जावे. शेवटी इंजिनाचा वेग वाढवून बॅटरीच्या टोकांवर व्होल्टेज मोजावे. अल्टरनेटर असेल तर ते १३.८ ते १४.४ व्होल्टच्या दरम्यान यायला हवे. त्याहून कमी आले, तर आधी पट्ट्याचा ताण पाहावा, मग जोड.