सल्ल्याची उगवणक्षमता

सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याची पिशवी फोडण्यापूर्वी तिच्या तोंडाशी शिवलेला निळा टॅग जालना जिल्ह्यातील जाणता शेतकरी निरखून पाहतो. कारण वाणाचे नाव, लॉट क्रमांक, चाचणीची तारीख आणि वापराची मुदत एवढे त्यावर नोंदलेले असते, आणि शंभरापैकी निदान सत्तर दाणे उगवलेच पाहिजेत असा कायद्याचा दंडक त्यामागे उभा असतो. बद्रिनारायण बारवाले यांनी १९६४ साली ज्या शहरात महिको ही बियाणे कंपनी स्थापन केली, त्या जालन्याला या टॅगचे महत्त्व निराळे सांगावयास नको. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९६६ साली, बियाणे अधिनियम संमत झाला. आणि त्याच वर्षी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत जोसेफ वायझेनबाउम यांनी ‘एलायझा’ हा संगणकाचा कार्यक्रम प्रसिद्ध केला. माणसाने टंकित केलेले वाक्य थोडे फिरवून त्याचाच प्रश्न करावयाचा, एवढीच त्याची करामत होती. पण त्याच्याशी संभाषण करीत असलेल्या वायझेनबाउम यांच्या सचिव महिलेने काही वेळातच खुद्द त्यांना खोलीबाहेर जाण्यास सांगितले! ज्याला आकलनाचा लवलेश नाही, अशा यंत्रापाशी मनुष्य किती लवकर मन मोकळे करतो, हे पाहून त्याचा निर्माता आयुष्यभर अस्वस्थ राहिला. बियाण्याला त्या वर्षी मानक लाभले. बोलक्या यंत्राच्या सल्ल्याला ते लावण्याची निकड मात्र आता कोठे जाणवू लागली आहे.

हे यंत्र आता प्रशिक्षकाच्या भूमिकेत शिरू पाहते; पण व्यावसायिक प्रशिक्षकाचा, म्हणजे आज ज्याला सर्रास ‘कोच’ म्हणतात त्याचा, पेशा तयार उत्तरे पुरविण्याचा नाही. योग्य प्रश्न विचारून समोरच्याला स्वतःचा निर्णय स्वतः घेण्यास समर्थ करावे, हा त्याचा गाभा आहे. १९९५ साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनने २०२४ साली कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आधारे चालणाऱ्या कोचिंगसाठी मानकांचा एक आराखडा प्रसिद्ध केला, आणि त्यात नीती, गुप्तता व चाचणी यांना स्थान दिले. तो मुख्यतः नोकरपेशा जगासाठी आहे, हे खरे. परंतु शेती हाही पेशाच आहे आणि त्यालाही प्रशिक्षक लागतो. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात दरमहा भरणारे शेतकऱ्यांचे चर्चासत्र, किंवा पाणलोटाच्या कामातून द्राक्षबागांपर्यंत पोहोचलेले कडवंची गाव, ही अशा प्रशिक्षणाची या जिल्ह्यातली उदाहरणे होत. तेथे सांगणारा व ऐकणारा एकाच मातीवर उभे असतात. आता त्या जोडीला भ्रमणध्वनी आला आहे. महाराष्ट्र शासनाने २०२५ साली कृषी क्षेत्रासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचे स्वतंत्र धोरण मंजूर करून ५०० कोटी रुपयांची तरतूद केली, आणि ‘महाविस्तार’सारख्या ॲपवर मराठीतून प्रश्न विचारण्याची सोयही झाली. हे स्वागतार्ह आहे, कारण कृषी सहायक प्रत्येक बांधावर रोज पोहोचू शकत नाही.

परंतु हे यंत्र उत्तर कसे तयार करते, हे समजून घेतले पाहिजे. अफाट मजकुरातून शब्दांमागून कोणते शब्द येण्याचा संभव अधिक, याचे गणित ते शिकलेले असते. म्हणून त्याची भाषा नेहमीच खातरजमा केल्यासारखी वाटते, मग मजकूर बरोबर असो वा चूक. जालना, अंबड किंवा घनसावंगीच्या मोसंबी बागायतदाराचा नेहमीचा प्रश्न घ्या: आंबे बहाराच्या फुलोऱ्यासाठी बागेला पाण्याचा ताण किती दिवस द्यावा? हलक्या जमिनीत ताण लवकर बसतो, भारी काळ्या जमिनीत ओल टिकते व ताण लांबवावा लागतो. झाडाचे वय, गेल्या हंगामातले फळ, विहिरीत उरलेले पाणी, पानांचा फिकटपणा व गळ, हे सारे पाहूनच ताण तोडण्याचा दिवस ठरतो. २०१२-१३ च्या दुष्काळात याच पट्ट्यातील बागा वाळून गेल्या आणि कित्येकांनी डोळ्यांत पाणी आणून झाडांवर कुऱ्हाड चालविली. तेव्हा येथे चुकलेल्या सल्ल्याची किंमत एका हंगामाने फिटत नाही. जमीन कोणती, हे न विचारताच जे यंत्र दिवसांचा आकडा सांगून मोकळे होते, ते प्रशिक्षक नव्हे, हे पहिले मानक मी मानतो.

दुसरे मानक मुदतीचे. प्रमाणित बियाण्याची मुदत चाचणीपासून ९ महिने असते. पुढे पुन्हा चाचणी करावी लागते. सल्ला तर त्याहूनही नाशवंत आहे. फोरेट हे कीटकनाशक वर्षानुवर्षे शिफारशींच्या पुस्तिकांतून छापले जात होते; केंद्र शासनाच्या २०१८ च्या हुकमाने ते ३१ डिसेंबर २०२० पासून बंद झाले. जुना मजकूर मात्र जगातून नाहीसा झालेला नाही, आणि त्यावर पोसलेल्या यंत्राने तेच नाव पुन्हा उच्चारणे अगदी संभवनीय आहे. म्हणून प्रत्येक शिफारशीखाली तिचा आधार व तो तपासल्याची तारीख दिसलीच पाहिजे.

आणि चाचणी? बीजपरीक्षण प्रयोगशाळेत ४०० दाणे मोजून, ओल्या कागदाच्या गुंडाळीत ठेवून, सोयाबीनची अखेरची मोजणी आठव्या दिवशी करतात. सुदृढ रोपे निराळी, विकृत निराळी, मृत दाणे निराळे. बदनापूरचे मोसंबी संशोधन केंद्र, तेथीलच कडधान्यांचे केंद्र आणि खरपुडी यांनी मिळून येथल्या बोलीतले, येथल्या पिकांचे ४०० प्रश्न तयार करावेत, यंत्राची उत्तरे त्याच रीतीने वेगळी काढावीत आणि निकाल बाजार समितीच्या फलकावर लावावा, यात अशक्य असे काय आहे? उगवणीत कमी पडलेला लॉट बाजारात जाऊ देत नाहीत; तोच न्याय येथे लागावा.

शेतकऱ्याने सांगितलेल्या माहितीविषयी २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाने संमती आणि हेतू यांच्या बंधनाची तरतूद केलीच आहे. माझ्या मते खरी उणीव तक्रारीच्या वाटेची आहे. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवले नाही, तेव्हा मराठवाड्यात तक्रारींचा ओघ लागला. तालुका तक्रार निवारण समितीने शेतात येऊन पंचनामा करावा, पिशवी, टॅग व पावती पाहावी, अशी रीत त्यासाठी मुळातच होती. यंत्राच्या सल्ल्याने फवारणी चुकली, तर समितीपुढे काय ठेवणार? तेव्हा प्रश्न, उत्तर, दिनांक आणि यंत्राची आवृत्ती यांची नोंद हंगाम संपेपर्यंत जपून ठेवणे, आणि तिची नक्कल मागताक्षणी शेतकऱ्याच्या हाती देणे, ही जबाबदारी ॲप चालविणाऱ्यावर परवान्याच्या अटीनेच टाकली गेली पाहिजे.